चार बोटं खाली

शेखरनं यू-बोल्टच्या नटावर पाना बसवला, एक पाय भिंतीला रोवला आणि सगळा जोर लावला. नट जागचा हलला नाही. गाडीखालून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

“थांब,” केरू ओट्यावरून म्हणाला. “नुसत्या जोरानं नाय निघायचा तो. हातोडी घे. चारी अंगांनी टिचक्या मार आधी.”

शेखरनं हातोडी घेतली. टिचक्यांसरशी गंज भुरभुरला आणि त्याच्या भुवयांवर, ओठांवर पडला. तो थुंकला, डोळे मिटून घेतले, पुन्हा पाना लावला. या वेळी नट करकरला आणि पाव आट्यानं फिरला.

“आला,” तो खालून म्हणाला.

“येणारच,” केरू म्हणाला आणि चाकांच्या खुर्चीत मागे रेलला. इतका वेळ आपणही दातावर दात दाबून बसलो होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

गाडी म्हणजे चौदा वर्षांची जुनी पिकअप. तीन वर्षांपूर्वी घेतली तेव्हाही ती जुनीच होती, आणि ती घेण्यासाठी केरूनं द्वारका चौकाच्या पुढचं आपलं कमान-पाट्याचं दुकान मोडलं होतं. ट्रकच्या मागच्या आसावर दोन्ही बाजूंना लोखंडी पाट्यांची जुडी यू-बोल्टनी आवळलेली असते. सगळ्यात लांब पाटा वर, त्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड, आणि सगळा भार त्या जुडीवर. ती बसली किंवा मोडली की मनमाड-मालेगावपासूनचे ड्रायव्हर केरूला शोधत यायचे. तीस वर्षं त्यानं भट्टीत पाटे लाल केले आणि ठोकून ठोकून त्यांना बाक दिला. मग साखरेनं त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस खुर्चीत बसला, दुकान गेलं, आणि त्याच्या जागी पोराच्या, शेखरच्या नावावर ही गाडी दारात आली.

मागची बाजू खाली घ्यायची कल्पना शेखरची. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ हातात देता देता त्यानंच विषय काढला होता. हौदा चार बोटं खाली आला, तर मागचा फाळका उघडला की तो बरोबर आपल्या ओट्यावर टेकेल. खुर्ची घरातून ओट्यावर, ओट्यावरून फाळक्यावर आणि फाळक्यावरून सरळ हौद्यात. कुणी उचलायला नको. निफाडला आत्याकडे जाऊन येऊ. बाहेर विचारलं तर पाट्यांचा नवा सेट घ्या म्हणतात, वीस-पंचवीस हजारांच्या गोष्टी करतात.

“सेट कशाला?” केरू म्हणाला होता. “हायेत त्यातले दोन-दोन पाटे काढायचे. आखूड सेंटर बोल्ट दोन लागतील, यू-बोल्ट चार. बाकी डोकं माझं न् अंग तुझं.”

निफाडजवळच्या मळ्यात त्याची थोरली बहीण सरुबाई राहायची. तिचा खुबा मोडल्यापासून तीही घराबाहेर पडत नव्हती. दोघं भाऊ-बहीण तीस किलोमीटरच्या दोन टोकांना बसून एकमेकांना फोनवर विचारायचे, काय जेवलास, काय जेवलीस. तीन वर्षांत भेट नव्हती. खुर्ची रिक्षात मावत नव्हती, आणि खुर्चीशिवाय आक्काच्या दारात उतरायचं म्हणजे कुणाच्या तरी हातावर. तो प्रकार केरूनं एकदा करून पाहिला होता. भाच्याच्या लग्नाला निघताना शेखरनं आणि शेजारच्या मंगळूनं त्याला काखेत धरून हौद्यात चढवायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर पायजम्याची नाडी सुटली. गल्लीतल्या बाया माना वळवून आत गेल्या. “खाली ठेवा,” एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर कुठं जायचं नाव त्यानं काढलं नाही.

म्हणून या कामाला लागले त्या तिन्ही रविवारी शेखर पाने कधी काढतो याची तो सकाळपासून वाट बघायचा.

पहिल्या रविवारी त्यांनी डावी बाजू घेतली. शेखरनं गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, चाक काढलं, जुडी खाली उतरवून ओट्यावर केरूच्या समोर आणून ठेवली. केरूनं प्रत्येक पाट्यावर खडूनं आकडा घातला. तिसरा आणि पाचवा बाजूला काढला.

“शेवटचा का नाही काढायचा?” शेखरनं विचारलं. “तो तर सगळ्यात लहान आहे.”

हा मुलगा शाळेत असताना दुकानावर डबा घेऊन यायचा तो दारातच ठेवून पळायचा. बापाच्या काळ्या हातांची त्याला लाज वाटायची, हे केरूला माहीत होतं आणि त्यानं त्याचं कधी वाईट मानलं नव्हतं. आज तो आपण होऊन विचारत होता. केरूनं सावकाश सगळं सांगितलं. वरच्या दोन पाट्यांना हात लावायचा नाही, गाडी त्यांना बांधलेली असते. शेवटचा काढला तर मधल्यांना खालून टेकू राहत नाही. मधले एक सोडून एक काढले की बाक सारखा उतरतो, गाडी एका जागी मोडत नाही. शेखर मांडी घालून ऐकत होता. तेजस्विनीनं, त्याच्या बायकोनं, चहा आणून ठेवला. ती दोघांकडे पाहत दारात जराशी थांबली आणि आत शिवणयंत्रावर जाऊन बसली.

दुसऱ्या रविवारी उजवी बाजू झाली. गाडी घोड्यांवरून खाली आली, तेव्हा मागून अशी बसली की जणू कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बस म्हणालं होतं. शेखरनं फाळका उघडला. तो ओट्याच्या कडेवर अलगद टेकला, मध्ये करंगळी जाईल एवढीही फट राहिली नाही. केरूनं पुढे होऊन फाळक्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

तिसऱ्या रविवारी त्यानं शेखरला पुन्हा गाडीखाली घातलं. आता कशाला, असं शेखरच्या तोंडावर होतं. केरूनं समजावलं. मागच्या आसापासून ब्रेकपर्यंत एक लोखंडी कांडी जाते. माल भरला की गाडी बसते, कांडी वर ढकलली जाते आणि मागच्या चाकांना ब्रेक जास्त लागतो. आता आपण गाडी रिकामीच बसवलीय. तिला वाटणार माल भरलाय. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर मागची चाकं जागच्या जागी आवळतील आणि गाडी आडवी होईल. कांडी तेवढीच उतरवून घ्यायला हवी.

“राहू दे ना, आबा,” शेखर म्हणाला. “चालतेय की गाडी.”

“चालवणार कोण?” केरू म्हणाला. “तूच ना? मग घे पाना.”

शेखरनं पाना घेतला. खालून कांडीचा नट करकरला.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी केरू ओट्यावर एकटाच होता. शेखर अंबडच्या गोडाऊनवर कामाला गेला होता. पाच महिन्यांपूर्वी तिथं त्याला नोकरी लागल्यापासून गाडी बहुतेक दारातच उभी असायची. तेजस्विनी शिवलेले कपडे पोचवायला नाशिकरोडला गेली होती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांमधून धूर सरळ वर चढत होता.

मोटरसायकलवरून तिशीचा एक माणूस आला. पांढरे बूट, हातात कडं. मोटरसायकल लावून तो थेट पिकअपकडे गेला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायर व मडगार्डच्या मध्ये बोटं घालून मोजू लागला. मग उठून चार पावलं मागे गेला आणि मान तिरकी करून गाडीकडे पाहत राहिला.

“झकास बसलीय,” तो म्हणाला. “तुम्ही शेखरभाऊंचे वडील ना, काका? मी रवी. पंचवटीत टाइल्सचं दुकान आहे आमचं.”

शेखरचा दोस्त असेल, असं समजून केरूनं त्याला पायरीवर बसायला सांगितलं, पाणी विचारलं. रवीचं लक्ष गाडीतच होतं.

“काका, अजून दोन बोटं खाली येईल का?”

“कशाला? फाळका बरोबर टेकतोय. अजून घेतली तर उलटा उतार व्हील.”

“कसला फाळका?”

“ह्यो.” केरूनं ओट्याच्या कडेवर हात मारला. “माझी खुर्ची जायला.”

रवीनं खुर्चीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. त्याला काही उमगलं नाही, तो आपल्या आनंदात होता. आपल्याला माल वाहायचाच नाही, असं तो सांगू लागला. जुन्या गाड्यांची हौस आहे. पुढचीही बाजू खाली घेणार, नवे रिम, रंग, रविवारी मित्रांबरोबर गंगापूरच्या रस्त्याला चक्कर.

“शेखरभाऊंना मी दिवाळीतच बोललो होतो,” तो म्हणाला. “मागून खाली करून देत असाल तर घेतो, बाहेर लोक फार मागतात. बयाना तेव्हाच दिला. ते म्हणाले, करून देतो, आमच्या घरातच कारागीर आहे.”

केरूनं मांडीवरची शाल सारखी केली. ती सारखीच होती.

“दिवाळीत,” तो म्हणाला.

“पाडव्याला. परवा गुरुवारी न्यायची ठरलीय, म्हटलं बघून तरी यावं.” बोलता बोलता रवीचा आवाज मंदावला. त्यानं पुन्हा खुर्चीकडे पाहिलं आणि या वेळी त्याची नजर तिथंच राहिली. “काका, तुम्हाला माहीत नव्हतं का?”

“माहीत व्हतं,” केरू म्हणाला. “दोन बोटांचं माहीत नव्हतं.”

मग त्यानं रवीला नीट सांगितलं. अजून खाली घेऊ नका. मागं दोन माणसं बसली तरी टायर वर घासेल. ब्रेकची कांडी उतरवलेली आहे, तिला कुणाला हात लावू देऊ नका. हौद्यात पाच-सहा गोण्यांच्या वर वजन कधी टाकायचं नाही. रवी मान डोलवत ऐकत होता. जाताना त्यानं दुकानाचं कार्ड केरूच्या हातात दिलं आणि मोटरसायकलला किक मारली.

केरू बसून राहिला. दिवाळीचा पाडवा, मग संक्रांत. मध्ये सव्वादोन महिने. तिळगूळ हातात ठेवताना पोराचा हात कसा होता, ते तो आठवू पाहत होता. हात नेहमीसारखाच होता. मग त्याला गेल्या रविवारचं ‘राहू दे ना, आबा’ आठवलं. गाडी चालवणार कोण होतं, ते त्या वेळी गाडीखालच्या माणसाला माहीत होतं आणि खुर्चीतल्या माणसाला नव्हतं. त्यानं खुर्ची मोरीकडे वळवली आणि साबण घेऊन हात धुतले. नखांच्या कडांना तीन रविवारचं काळं होतं. ते निघेपर्यंत तो धूत राहिला. तेजस्विनी परत आली तेव्हा नळ तसाच चालू होता.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. शेखर मेथीची भाजी आवडीनं खात होता आणि गोडाऊनवरच्या कुणाची तरी गंमत सांगत होता. केरूनं त्याला सांगू दिली. मग विचारलं, उद्या आक्काकडं जाऊन येऊ का. उद्या जमणार नाही, शेखर म्हणाला, माल यायचाय. मग परवा? तेजस्विनी भाकरी वाढत होती. तिचा हात टोपलीवरच थांबला.

“पुढच्या रविवारी जाऊ की,” शेखर म्हणाला. “सकाळीच निघू, नक्की.”

केरू घोटभर पाणी प्यायला.

“रविवारी गाडी असंल ना?”

“असेल की. गाडी कुठं जातेय?”

त्याचा आवाज जराही हलला नाही. त्यानं भाजी आणखी मागितली, भाकरीचा तुकडा मोडला आणि राहिलेली गंमत पुरी केली. केरूनं ताटातलं सगळं संपवलं, ताट बाजूला सारलं आणि तो लवकर निजायला गेला. गोडाऊनवर कुणी काय केलं ते त्याला मागाहून काहीच आठवेना. तो एक सरळ, सपाट आवाज तेवढा कानात राहिला. दुकानावर खोटं बोलणारी शंभर माणसं त्यानं पाहिली होती, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण कुठंतरी अडखळायचा.

बुधवारी सकाळी शेखर कामावर गेल्यावर केरूनं कार्डावरचा नंबर लावला. पाटे बदलले की गाडी एकदा लांब चालवून नट पुन्हा आवळावे लागतात, त्याशिवाय ती ताब्यात घेऊ नका, असं त्यानं रवीला सांगितलं. मीही येतो. निफाडपर्यंत चक्कर मारू. ते खरंच होतं. गिऱ्हाइकाला गाडी द्यायच्या आधी तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं.

मग त्यानं तेजस्विनीला आक्काकडं न्यायला कापडी पिशवी मागितली.

तिनं दोन सदरे, दोन पायजमे, टॉवेल घातला. औषधांच्या डब्यातून आज-उद्याच्या गोळ्या निवडू लागली.

“सगळी टाक,” केरू म्हणाला.

तिनं वर पाहिलं. डबा तसाच्या तसा उचलून पिशवीत ठेवला. साखर मोजायचं यंत्र ठेवलं. पिशवीचे बंद बांधता बांधता ती म्हणाली, “आबा, मी दोनदा म्हटलं त्यांना, सांगून टाका.”

“काय म्हणला मग?”

“म्हणाले, आबांचे हात चालतायत. किती दिवसांनी खूश आहेत. आत्ता कशाला सांगायचं.”

केरूनं पिशवी मांडीवर घेतली.

“खूश व्हतो,” तो म्हणाला. “ते खरं हाय.”

रवी अकरा वाजता आला. खिळ्यावरची किल्ली तेजस्विनीनं काढून त्याच्या हातात दिली. त्यानं गाडी मागे घेत घेत ओट्याला लावली आणि फाळका उघडला. फाळका टेकला. काका पुढं माझ्या शेजारी बसतील, असंच रवीच्या मनात होतं.

“मागंच,” केरू म्हणाला. “पाट्यांचा आवाज मागंच येतो.”

खुर्ची फाळक्यावरून हौद्यात गेली. चाक एकदाच, फाळक्याच्या कडेवरून, किंचित थबकलं. ढकलायलाही फारसं लागलं नाही. रवीनं खुर्ची दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोरीनं बांधली, दोरी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. केरूचं तोंड मागे, उघड्या रस्त्याकडे होतं. तेजस्विनी ओट्यावर उभी होती. गाडी वळेपर्यंत ती तिथंच होती, आणि एकदा तिनं हात वर केल्यासारखा केला.

सायखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर वारा आला. तीन वर्षांत केरूनं एवढा रस्ता एका वेळी पाहिला नव्हता. उसाच्या ट्रॅक्टरमागं रवी सबुरीनं चालला होता. पहिल्या गतिरोधकावर केरूनं डोळे मिटून कान दिला. जुडी दबली, सुटली, पुन्हा जागेवर बसली. कुठं कटकट नाही, करकर नाही. काम चोख झालं होतं. पोराचा हातही चांगला होता, शिकला असता तर झाला असता कारागीर, हे त्याच्या मनात आलं. मग त्यानं दोरीवर मूठ आवळली. एकलहऱ्याच्या चिमण्या लहान होत होत झाडांमागे गेल्या, तरी मूठ तशीच होती.

सरुबाईच्या मळ्यात द्राक्षांची तोड चालली होती. शेडमध्ये बाया खाली बसून घड साफ करत होत्या आणि कडेला क्रेटची चळत लागली होती. क्रेट गाडीत चढवायला बांधलेल्या ओट्याला रवीनं पिकअप लावली. इथला ओटा जरा उंच निघाला. दोन गडी पुढे आले, पण उचलायची वेळ आली नाही. एक फळी टाकून त्यांनी खुर्ची वर ओढून घेतली आणि पडवीत आणली.

सरुबाई खाटेवर बसली होती. तिला आधी खरं वाटेना. तिनं केरूचा चेहरा चाचपला, खांदे चाचपले, मग तिचा हात मांडीवरून खाली सरकला आणि पायजम्याच्या रिकाम्या भागापाशी थांबला.

“इथवर?” तिनं विचारलं.

“इथवर.”

तिनं हात तिथंच राहू दिला. शेडमधल्या बायांनी हातातल्या कात्र्या थांबवल्या होत्या, त्या हळूहळू पुन्हा चालू झाल्या.

थोड्या वेळानं केरूनं रवीला गाडी पडवीपुढं आणून तिच्याखाली जायला सांगितलं. कपडे खराब होतील म्हणून रवीनं खाली पोतं घेतलं, आणि केरूनं खुर्चीत पुढं वाकून त्याच्याकडून चारी यू-बोल्ट आवळून घेतले. आधी हा, मग त्याच्या समोरचा, मग तिरका. एक नट पाव आटा फिरला, बाकीचे जागच्या जागी होते. रवी बाहेर आला, हात पुसले, सरुबाईच्या सुनेनं दिलेला चहा घेतला. मग केरूजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “संध्याकाळी किती वाजता न्यायला येऊ, काका?”

“नका येऊ. उद्या न्यायचीच व्हती ना गाडी, आजच घेऊन जावा. कागद त्याच्याकडं हायेत. सह्या तोच करील.”

रवी चुळबुळला. “शेखरभाऊंना काय सांगू?”

“रस्त्यात कुठं आवाज आला नाय म्हणावं.”

रवीनं खिशातून किल्ली काढली. मग खाली वाकून केरूच्या पायाला हात लावायला गेला, पाय एकच आहे हे ऐन वेळी ध्यानात येऊन गोंधळला, आणि त्या एकाच पायाला हात लावून निघाला. पिकअप मळ्याच्या रस्त्यानं हलत-डुलत गेली. मागून ती खरंच देखणी दिसत होती.

सरुबाईनं मान उंच करून पाहिलं.

“गाडी गेली की रे,” ती म्हणाली. “कुणाची व्हती? शेखरचीच ना?”

“नाय. त्यांची.”

तिला ते नीट कळलं नाही. तिनं केरूच्या मांडीवरची पिशवी खाटेवर घ्यायला उचलली. ती जड लागली, तशी तिनं बंद न सोडता वरूनच चाचपून पाहिली आणि उशाला ठेवून दिली. सुनेला हाक मारून आतल्या खोलीतलं धान्याचं पोतं हलवायला सांगितलं. मग केरूकडे वळून, आज काय जेवलास, असं विचारलं, आणि तो समोरच बसलाय हे ध्यानात येऊन स्वतःच हसली.

दुपार कलली तेव्हा केरूच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यानं तो काढून पाहिला आणि मांडीवर ठेवला. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला.

“घे की,” सरुबाई म्हणाली. “पोरगा असंल.”

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा केरूनं तो तिच्यापुढे धरला.

“तू बोल. सांग, पोचला.”

सरुबाई फोनवर नेहमीच बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशी बोलायची. पोचला, ती म्हणाली. बरा हाय. च्या झाला, आता जेवू घालते. मग बराच वेळ ती ऐकत राहिली. पलीकडचा आवाज घाईघाईनं काहीतरी सांगत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिनं फोनवर हात ठेवला.

“लय काय काय बोलतोय, मला उमजंना. म्हणतोय, आबाला न्यायला कवा येऊ?”

केरू शेडकडे पाहत होता. एका बाईनं भरलेलं क्रेट बाजूला सरकवून रिकामं पुढं ओढलं.

“इचार,” तो म्हणाला, “कशात येशील?”

सरुबाईनं विचारलं. मग फोन कानाला लावून ती उत्तराची वाट बघत बसली.